मूठ, पट्टा आणि खोका : एका हाताने ओझे नेण्याचा प्रश्न

मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसाचा एक हात कडीला असतो. पावसात तो छत्रीत अडकतो, जिन्यात कठड्याला लागतो, रस्ता ओलांडताना लेकराने धरलेला असतो. दुकानातून किंवा कुरिअरच्या कचेरीतून घेतलेला खोका घरी पोहोचतो तो उरलेल्या एका हाताच्या भरवशावर. खोका मात्र दोन हातांचा हिशेब धरून बनवलेला असतो. कारखान्यात तो यंत्रावरून सरकतो, गोदामात दोन्ही हातांनी उचलला जातो, टेम्पोत एकावर एक रचला जातो. बसथांब्यापासून घराच्या दारापर्यंत तो कसा जाणार, हा विचार त्याच्या रचनेत क्वचितच असतो.

ही उणीव भरून काढणारी वस्तू म्हणजे सुटा पट्टा आणि त्याला मूठ. खोक्याला बाहेरून लावायचा, एका हाताने न्यायचा, काम झाले की काढून खिशात टाकायचा. कल्पना साधी आणि जुनी आहे. दीडशे वर्षांत ती लाकडात, तारेत, कातड्यात, कापडात आणि नायलॉनमध्ये पुन्हा पुन्हा बनवली गेली. तरीही आज कोणी विचारले की अमुक खोक्यासाठी चांगला पट्टा कोणता, तर खात्रीने एक नाव घेता येत नाही. हे सारे प्रयत्न एकत्र पाहिले की एक गोष्ट जाणवते. बहुतेकांची कल्पकता मुठीवर खर्च झाली आहे. पट्टा खोक्याला कसा बिलगतो आणि तो लावायला किती हात लागतात, हे दोन प्रश्न मागे राहिले. माझ्या मते या वस्तूचे बरेवाईट तिथेच ठरते.

आधीचे उपाय

सुट्या मुठीचा सर्वांत रांगडा नमुना मशीद बंदरच्या गोदामांत पाहायला मिळतो : हमालाचा लोखंडी आकडा. पोत्यात रुतवला की पोत्याला मूठ फुटते, काढला की ती नाहीशी होते. लावायला एक हात पुरतो आणि क्षणभर वेळ. वेगाच्या बाबतीत त्याला आजही तोड नाही. पण तो माल फाडतो, म्हणून तर आकडा लावू नका असे सांगणारे चिन्ह जगभर मालाच्या पोत्यांवर आणि पेट्यांवर छापले जाते. वेगाने लागणारी आणि मालाला न दुखावणारी मूठ हवी, हा या प्रश्नाचा गाभा आकड्यानेच पहिल्यांदा उघड केला.

दुसरे टोक मिठाईच्या दुकानात आहे. हलवाई पुठ्ठ्याच्या डब्याभोवती सुतळी उभी-आडवी फिरवतो, वर मध्यावर फुली पडते तिथे गाठ मारतो आणि बोट अडकवण्यापुरता फासा ठेवतो. यात बरेच काही बरोबर आहे. भार चार कडांवर वाटला जातो, गाठ डब्याच्या वजनाच्या मध्यबिंदूवर येते, डबा कलंडत नाही. चुकते एवढेच की शेवटी सारे वजन एका बोटाच्या पेरावर सुतळीच्या जाडीतून उतरते. दोन किलोंपर्यंत ते चालते, पुढे वळ उठतात.

या वळांवरचा उपाय युरोप-अमेरिकेतल्या दुकानांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला काढला. छोटी गोल लाकडी दांडी, तिच्या आरपार तार, तारेच्या दोन्ही टोकांना आकडे. पुडक्याच्या दोरीत आकडे अडकवले की हातात दोरी न येता लाकूड येते. शाळकरी मुलांचा पुस्तकांचा पट्टा याच सुमाराचा, कातडी वादी आणि तिला बक्कल. जपानमध्ये ही परंपरा अजून जिवंत आहे. तिथल्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात मोठा खोका घेतला की कर्मचारी त्याला प्लास्टिकची दोरी बांधून वर एक पोकळ नळीची मूठ चढवून देतात. मूठ पैशांची, काम रुपयांचे. ही सोय आपल्याकडच्या दुकानदारांनी उचलावी असे मला मनापासून वाटते, कारण गिऱ्हाईक खोका उचलते तेव्हा बांधणारा माणूस समोरच उभा असतो.

पिशव्यांचा इतिहास निराळा असला तरी त्यातल्या दोन पायऱ्या इथे महत्त्वाच्या आहेत. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातील किराणा दुकानदार वॉल्टर ड्यूबनर याच्या लक्षात आले की गिऱ्हाईक हाताला झेपेल तेवढेच सामान घेते. १९१२ मध्ये त्याने कागदी पिशवीच्या तळाखालून दोरी फिरवून वर धरायला तिचेच बंद काढले. कागद फक्त सामान गोळा करून ठेवतो आणि वजन दोरी पेलते, अशी विभागणी त्याने केली. ती पिशवी ७५ पौंड, म्हणजे सुमारे ३४ किलो, वाहू शके. पट्ट्याच्या रचनेचे पहिले सूत्र इथे सापडते : वजन तळाखालून उचलावे, वरच्या कडेला लटकवू नये.

दुसरी पायरी स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन गुस्ताफ थुलिन याची. त्याच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीला १९६५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. तिचे बंद वेगळे जोडलेले नाहीत, त्याच तावातून कापलेले आहेत. त्यामुळे बंद उखडत नाही आणि एवढीशी पिशवी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते. रचना म्हणून ती थक्क करणारी होती. पुढे ती गटारांत आणि गुरांच्या पोटात गेली. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंद असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. त्यानंतर बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच नॉन-वोव्हन पिशव्यांना डी-कट, म्हणजे नुसते बोटांपुरते भोक असते. ते भोक पहिल्यांदा कडेला फाटते. बंदीचे मी स्वागतच करतो, पण हाताच्या सोयीच्या बाबतीत आपण त्या वेळी एक पाऊल मागे आलो हेही खरे.

गाठोड्याला मात्र काही जोडावे लागत नाही. चौकोनी कापडाची समोरासमोरची टोके बांधली की मूठ तयार. जपानी फुरोशिकी याच तत्त्वावर चालते. प्लास्टिक पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी २००६ मध्ये तिचा खास पुरस्कार केला होता. आकार कसाही असो, कापड त्याला कवेत घेते. पट्ट्याला हेच जमत नाही.

बोटांचा हिशेब

इंग्लंडच्या जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडींची जी मांडणी केली ती आजही पाया मानली जाते. जोराची पकड, नेमकेपणाची पकड, आणि तिसरी दुय्यम अशी आकड्याची पकड, जिच्यात चार बोटे वाकवून ओझे अडकवले जाते आणि अंगठ्याचे काम जवळजवळ नसते. पिशवी किंवा पेटी उचलताना आपण ही तिसरी पकड वापरतो. तिच्यात भार बोटांच्या आतल्या बाजूने जातो आणि बोटांच्या दोन्ही कडांनी नसा व रक्तवाहिन्या धावतात.

दहा किलोचे ओझे घेऊ. चार बोटांची मिळून रुंदी सुमारे ८ सेंटीमीटर. पातळ पिशवीचा बंद वजनाने गोळा होऊन ५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे सगळा भार ४ चौरस सेंटीमीटरवर, दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो. तोच भार ३ सेंटीमीटर जाडीच्या मुठीवर घेतला तर २४ चौरस सेंटीमीटरवर पसरतो आणि दाब सुमारे ४२० ग्रॅमवर येतो. सहापट फरक. म्हणून जाड मूठ हवी, हे सगळेच सांगतात. पण हिशेब तिथे थांबवू नये. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० धरला तर याच मापात तो सुमारे १६० ग्रॅम भरतो. उत्तम मुठीखालीही दाब त्याच्या अडीच पट आहे. बोटांतल्या बारीक वाहिन्या दबतातच. जाड मूठ कळ लांबवते, टाळत नाही. हात बदलावा लागणारच हे गृहीत धरून मूठ अशी असावी की ती दुसऱ्या हाताकडे सहज देता येईल. बोटांच्या आकाराच्या खाचा पाडलेल्या मुठी दुकानात छान दिसतात, पण त्या एकाच मापाच्या हाताला बसतात आणि अदलाबदल अवघड करतात. मी त्यांच्या विरोधात आहे.

स्नायूंचा हिशेब जर्मनीच्या वॉल्टर रोमर्ट यांनी १९६० मध्ये मांडला. कमाल ताकदीच्या साधारण १५ टक्क्यांच्या आतला जोर बराच वेळ धरता येतो, निम्म्या ताकदीने धरले तर मिनिटभरात हात सुटतो. पुढच्या अभ्यासकांनी ती १५ टक्क्यांची रेघ आणखी खाली आणली. पकडीची ताकद ३० किलो असलेल्या माणसासाठी १५ टक्के म्हणजे साडेचार किलो. त्याच्या वर प्रत्येक किलोमागे मिनिटे कमी होत जातात. सुट्या मुठीचा खरा प्रांत यावरून कळतो : साधारण चार ते दहा किलो, आणि काही मिनिटांची चाल. चौदा किलोहून अधिक गॅस आणि तेवढ्याच वजनाची लोखंडी टाकी असलेला घरगुती सिलिंडर एका हाताने न्यायची मूठ बनवणे हा रचनाकाराचा पराक्रम ठरणार नाही, वापरणाऱ्याला ती इजाच करील.

मापांबद्दल अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, नायॉशने, १९९१ च्या सुधारित उचल-सूत्रासोबत काही आकडे दिले आहेत : मुठीचा व्यास १.९ ते ३.८ सेंटीमीटर, लांबी किमान ११.५ सेंटीमीटर, बोटे जायला ५ सेंटीमीटर मोकळी जागा, आकार गोल, पृष्ठभाग गुळगुळीत पण न सरकणारा. हे आकडे सगळीकडे उतरवले जातात. मात्र तेच सूत्र एका हाताने उचलण्याला लागू नाही असे संस्थेनेच स्पष्ट लिहिले आहे. शिवाय ही मापे अमेरिकी हातांची. आपल्याकडे देबकुमार चक्रबर्ती यांनी भारतीय शरीरमापांचे संकलन केले आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याला इथल्या बायकांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातांसाठी मूठ बनवायची आहे त्याने तिथून सुरुवात करावी. अडीच ते तीन सेंटीमीटरची मूठ बहुतेकांना चालते, चार सेंटीमीटरची लहान हाताला मिटता येत नाही.

पट्ट्याचा कोन

आता ज्या भागाकडे दुर्लक्ष झाले तिकडे वळू. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताठ बांधावी तितकी ओल्या चादरीने तिची खुंटी उपटते, सैल ठेवली तर टिकते. पट्ट्याचे नेमके हेच होते. तो खोक्याभोवती घट्ट आवळला आणि मध्यावर उचलला की तो वर थोडाच उचलला जातो, कोन उथळ होतो आणि ताण वजनाच्या कितीतरी पट वाढतो.

४० सेंटीमीटर लांबीचा, ८ किलोचा खोका घ्या. पट्टा लांबीच्या दिशेने, तळाखालून वेढलेला. मूठ खोक्याच्या वर ६ सेंटीमीटर आली तर पट्ट्याच्या प्रत्येक बाजूवर सुमारे १४ किलोचा ताण येतो. दोन्ही बाजू मिळून ओझ्याच्या साडेतीन पट. मूठ १२ सेंटीमीटर वर नेली की तोच ताण पावणेआठ किलोंच्या आसपास उतरतो. एवढा फरक नुसत्या सैलपणाने पडतो, आणि नुकसान कुठे होते तर पुठ्ठ्याच्या वरच्या कडांवर. उथळ कोनात पट्टा त्या कडा आत दाबतो, पुठ्ठा चेपतो, चेपला की पट्टा सैल होतो आणि खोका कलंडतो. पट्टा तुटल्याची तक्रार क्वचित ऐकू येते. खोका दबल्याची आणि घसरल्याची नेहमी.

मग मूठ उंच ठेवावी काय? त्याला दोन अडचणी आहेत. उभ्या माणसाचे लोंबते हात जमिनीपासून सुमारे ७० सेंटीमीटरवर असतात. मूठ १२ सेंटीमीटर वर आणि खोका ३५ सेंटीमीटर उंच असला तर खाली २३ सेंटीमीटर उरतात. जिना चढताना वरची पायरी १५ ते १७ सेंटीमीटर खाऊन टाकते, आणि बुटक्या माणसाचा खोका पायरीला आपटतो. दुसरी अडचण झोक्याची. हातापासून ओझ्याच्या मध्यबिंदूपर्यंत २५ सेंटीमीटर अंतर असेल तर ते ओझे बरोबर एका सेकंदात एक झोका पुरा करते. झपझप चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणजे हाताचा झोकाही एका सेकंदाचा. दोन्ही ताल जुळले की खोका दर पावलाला जास्त जास्त हेलकावे घेतो आणि नडगीवर आपटतो. लांब पट्ट्याने लटकवलेले ओझे चालताना त्रास देते त्याचे कारण वजनात कमी, या तालात जास्त आहे.

वाट मधली आहे, आणि ती मुठीच्या लांबीतून जाते. मूठ एका बिंदूवर न ठेवता १२ सेंटीमीटरची ताठ दांडी करावी आणि पट्टा तिच्या दोन टोकांतून खाली सोडावा. मग ६ सेंटीमीटर उंचीवरही प्रत्येक बाजूचा ताण १४ वरून सुमारे १० किलोवर येतो, आणि झोका वाढत नाही. नुसत्या कापडी फाशाला हे साधत नाही, कारण वजन आले की तो मध्यावर गोळा होतो. म्हणून पट्ट्याची मूठ ताठ असावी असा माझा आग्रह आहे. पोकळ नळी पुरते.

दिशेचाही प्रश्न आहे. हात लोंबता सोडला की तळवा मांडीकडे वळतो आणि मुठीची रेषा चालण्याच्या दिशेत येते. खोक्याची लांब बाजूही त्याच दिशेत आली पाहिजे, म्हणजे पायापासून बाहेरच्या बाजूला त्याची रुंदीच तेवढी जाते. हे न साधल्यास खोका आडवा लोंबतो आणि शरीरापासून दूर जातो. दूर जाण्याची किंमत कण्याला मोजावी लागते. दहा किलोचे ओझे कण्यापासून ३० सेंटीमीटरवर लटकत असेल तर विरुद्ध बाजूच्या स्नायूंना ते तोलावे लागते, आणि त्यांची तरफ जेमतेम ६ सेंटीमीटरची. ढोबळ हिशेबाने ५० किलोची ओढ. अंतर २० सेंटीमीटर केले की ती ३३ किलोंच्या आसपास येते. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातील स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की तेच ओझे दोन हातांत वाटण्याऐवजी एका हातात घेतले तर कण्यावरचा भार वाढतो. एका हाताची मूठ बनवणाऱ्याने हा निष्कर्ष डोळ्यांसमोर ठेवून खोका पायाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा.

पट्टा एकच आणि लांबीच्या दिशेने असेल तर खोका बाजूला उलथू शकतो. हलवायाची फुली इथे पुन्हा उपयोगी येते. लांबीचा एक वेढा आणि रुंदीचा एक, दोन्ही वर मुठीत एकत्र. किंवा रुंदीचेच दोन वेढे, दांडीच्या दोन टोकांना एकेक. लांबट सामानाला, गुंडाळलेल्या चटईला किंवा कपड्याच्या ताग्याला, दुसरा प्रकार बरा. चपट्या डब्याला पहिला.

शरीराचे मत

ओझे हातात नेणे ही मुळातच महागडी पद्धत आहे, आणि हे सांगणारे दोन महत्त्वाचे अभ्यास भारतीयांचे आहेत. मल्होत्रा आणि सेनगुप्ता यांनी १९६५ मध्ये शाळकरी मुलांच्या दप्तरांवर काम केले. दप्तर पाठीवर असताना मुलांची शक्ती सर्वांत कमी खर्च होते, हातात असताना सर्वांत जास्त, असे त्यांना आढळले. दत्ता आणि रामनाथन यांनी १९७१ मध्ये ३० किलोचे ओझे नेण्याच्या सात पद्धती तोलून पाहिल्या. त्यांत डोक्यावरचे ओझे होते, पाठीवरचे होते, कावड होती, कपाळावर पट्टा घेऊन नेण्याची डोंगरी रीत होती, छाती-पाठीवर वाटलेले ओझे होते. छाती-पाठ पद्धत सर्वांत सोपी गेली आणि हातांनी नेणे सर्वांत जड, तेही दोन्ही हातांत वाटून.

यातून पट्ट्याला एक गुण बहाल करावासा वाटतो : तो लांबवून खांद्यावर घेता यावा. मूठ हातासाठी आणि तोच पट्टा मोकळा केला की खांद्यासाठी. अंतर पाच-सात मिनिटांच्या पलीकडे गेले की माणसाने खांदा वापरावा. अर्थात खांद्यालाही मर्यादा आहेत. अरुंद पट्टा तिथल्या नसांचा जुडगा दाबतो आणि हाताला बधिरपणा आणतो, हे सैनिकांच्या आणि गिर्यारोहकांच्या पाठपिशव्यांमुळे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुष कामगाराच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. धरण्याची पद्धत बदलली की तेच वजन किती निराळे लागते, हे असा एकटा आकडा सांगू शकत नाही.

चाकांची वाटही इथेच येते. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी गृहस्थाने १९७० मध्ये सूटकेसला चाके लावली आणि ती ओढायला पट्टाच दिला. सपाट विमानतळावर ते उत्तर पूर्ण होते. रेल्वेच्या पुलाच्या जिन्यावर ते उत्तर उरत नाही, पुन्हा मूठच लागते.

बक्कल, फास आणि एकच हात

पट्टा जागेवर घट्ट कसा राहील, याला निसर्गाने एक मोठी मदत दिली आहे. दोर एखाद्या वस्तूभोवती फिरतो तेव्हा घर्षणामुळे त्याची पकड वेढ्यागणिक गुणाकाराने वाढते. हे गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडले. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने ताण साडेसहा पट पेलला जातो, दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून अधिक. सुरगाठ, फासगाठ, शिडीच्या आकाराचे प्लास्टिक बक्कल, सारे याच जोरावर उभे आहेत. म्हणून बक्कल दणकट हवे या समजुतीपेक्षा पट्टा बक्कलातून कसा वळतो हे अधिक मोलाचे.

बाजारात मिळणारी बक्कले मी एका कसोटीवर तपासून पाहीन : लावायला किती हात लागतात? दोन बाजू दाबून सुटणारे प्लास्टिकचे बक्कल बॅगांवर सर्वत्र दिसते. सोडताना एक हात पुरतो, लावताना मात्र दोन्ही टोके दोन हातांत धरावी लागतात. कॅम बक्कल, ज्यात दातेरी जिभेखालून पट्टा ओढला की तो मागे सरकत नाही, एका हाताने आवळता येते पण जड आणि टोकदार असते. शिडीबक्कल आवळताना फक्त मोकळे टोक ओढायचे, सैल करताना ते तिरपे करायचे. ते स्वस्त आणि हलके आहे, आणि माझी पसंती त्यालाच. वेल्क्रो, स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल याने शोधलेली आणि १९५५ मध्ये पेटंट झालेली चिकटपट्टी, कड्यातून ओढून उलटी चिकटवली तर एका हाताने लागते. तिचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो : सरळ ओढीला ती भक्कम, कडेपासून सोलली की लगेच सुटणारी. ओढ नेहमी पट्टीच्या रेषेत पडेल अशी शिवण हवी. आणि धूळ, सुताचे तंतू, पावसातला चिखल यांनी तिचे आकडे भरतात, हे आपल्या रस्त्यांवर विसरून चालत नाही.

सर्वांत जुने साधन पुन्हा पाहण्यासारखे आहे. एका टोकाला कडे असलेला पट्टा, दुसरे टोक त्यातून ओवून केलेला सरकफास. खोका त्यात बसवला आणि उचलले की त्याचेच वजन फास आवळते. गुंडाळलेल्या योगासनाच्या चटईसाठी हाच प्रकार जगभर विकला जातो. त्याला बक्कलाची गरज नाही, मापाची गरज नाही, आणि एका हाताने तो लावता येतो. पण तो गोल वस्तूला जेवढा बिलगतो तेवढा काटकोनी खोक्याला नाही, आणि आवळत राहतो, त्यामुळे नाजूक पुठ्ठा दबतो. अर्धा उपाय म्हणजे फासाच्या आतल्या बाजूला, खोक्याच्या वरच्या कडेशी, पुठ्ठ्याचा किंवा जाड रबराचा छोटा तुकडा सरकता ठेवणे.

ही हातांची कसोटी काहींसाठी निर्णायक असते. लकवा झालेल्या माणसाचा एक हात अनेकदा निकामी झालेला असतो. अपघातात हात गमावलेली माणसे आहेत, काठी धरून चालणारी आजी आहे, प्लॅस्टर घातलेला तरुण आहे. एका हाताचा पट्टा म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा उचलण्यापुरतेच एका हाताचे असते. लावायला दुसरा हात लागतो, आणि ज्यांना त्याची गरज सर्वाधिक त्यांच्याकडे तोच नाही. इतक्या मुठी आणि बक्कले तपासल्यावर मला ही सर्वांत मोठी चूक वाटते. खोका टेबलावर असताना, एका हाताने, तो उलटा-पालथा न करता पट्टा तळाखालून जाईल याची सोय करणे हा खरा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. पट्ट्याच्या टोकाला ३० सेंटीमीटरची चपटी, ताठ जीभ शिवली तर ती खोक्याखाली सरकवता येते आणि पलीकडून उचलता येते. एवढ्या साध्या भरीनेही बरेच साधेल. ती दुमडून मुठीभोवती गुंडाळता यावी, म्हणजे खिशात मावेल.

कापड, टीप आणि खोका

पट्ट्याचे कापड निवडताना ताकदीची चिंता करू नये. २५ मिलिमीटर रुंदीची कोणतीही बरी पट्टी दहा किलो सहज पेलते. फरक इतरत्र आहे. नायलॉन मऊ आणि भक्कम, पण ओला झाला की पाणी पितो आणि ताणतो. पॉलिएस्टर कमी ताणतो, उन्हाला जास्त टिकतो. पॉलिप्रॉपिलिन हलका, पाणी न पिणारा आणि स्वस्त, पण उन्हात झिजतो आणि त्याच्या कडा हाताला बोचतात. खाटेला विणतात ती सुती नवार हाताला या सगळ्यांहून सुखाची : घाम शोषते, कडा मऊ. पावसाळ्यात मात्र वाळत नाही आणि कुजते. मला वाटते, वेढ्याला पॉलिएस्टर आणि मुठीवर नवारीचा वेढा, हा मेळ आपल्या हवेला चांगला.

शिवणीत जोड नेहमी ओढीच्या रेषेत, एकावर एक पट्टी ठेवून, चौकटीत फुली घालून मारलेल्या टिपेचा असावा. बॅगा शिवणारा कोणताही कारागीर ती टीप डोळे मिटून मारतो. कड तापवून कापली असेल तर तिथला कडक मणी आत दुमडून घ्यावा, तो बोट कापतो.

राहिला खोका. त्याला हात घालायची भोके पाडणे हा उपाय वाटतो तितका चांगला नाही, कारण नालीदार पुठ्ठ्याची ताकद त्याच्या उभ्या भिंतींत असते आणि भोक ती तोडते. रचलेल्या थप्पीत खालचा खोका मग आधी बसतो. माल पाठवणारे भोके टाळतात ते म्हणूनच. खोक्यावर जी अरुंद प्लास्टिकची पॅकिंग पट्टी असते ती झाकण धरण्यासाठी असते, उचलण्यासाठी नाही, तरी घाईत सगळे तिलाच बोटे घालतात. ती बोट कापते आणि अचानक सुटते. कोकणातून येणारी आंब्याची पेटीही लाकडाची जाऊन पुठ्ठ्याची झाली. एक डझन हापूस साधारण तीन किलोंचे, म्हणजे दोन-तीन डझनांचा खोका बरोबर सुट्या मुठीच्या प्रांतात बसतो. एस.टी.तून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मे महिन्यात तो असतो आणि त्याला सुतळीच असते. आंबा विकणाऱ्यांनी खोक्यासोबत नळीची मूठ आणि फुलीचा पट्टा दिला, आणि गिऱ्हाइकाने तो पुढच्या वर्षी परत आणला, तर हिशेब दोघांनाही परवडेल.

हे पट्टे विकताना किती वजनाचे ते लिहिलेले असते, पण ते वजन कापड तुटण्याचे असते. हात किती मिनिटे धरील, कोणत्या मापाच्या खोक्याला कोन किती उथळ होईल, आणि एका हाताने लावायला किती सेकंद लागतील, हे कोणीच लिहीत नाही. हे तिन्ही आकडे मोजणे अवघड नाही. वजनाचा काटा, टेप आणि घड्याळ पुरते. मोजणी करताना लावणाऱ्यांत एक तरी माणूस असा असावा, ज्याचा दुसरा हात चालत नाही. त्याला पट्टा लावता आला नाही, तर वेष्टनावर एका हाताचा पट्टा असे छापू नये.